पाय रोवणारे क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार. आजचे इंग्रजी क्रियापद आहे 'बॉक' (balk), म्हणजे बिचकून अडणे. त्याच्या स्पेलिंगमध्ये एल असला तरी 'वॉक' आणि 'टॉक' यांच्याप्रमाणे तो सहसा उच्चारात येत नाही. म्हणून 'बाल्क' नव्हे, बॉक.

मी वृत्तविभागात नवा असताना एका इंग्रजी बातमीत, खर्चाचा आकडा पाहून समिती 'बॉक' झाली, अशा अर्थाचे वाक्य आले. मी शब्दकोश उघडला, स्वल्पविरामांनी जोडलेल्या पाच प्रतिशब्दांपैकी पहिला उचलला (कोशकारांनी ही प्रतिशब्दांची माळ देण्याऐवजी एकच धड वाक्य दिले असते, तर भाषांतरकारांचे निम्मे अपराध टळले असते, असे माझे जुने मत आहे) आणि लिहिले, "समितीने खर्चाबाबत संकोच व्यक्त केला." आमच्या वरिष्ठांनी कागद वाचला आणि विचारले, "संकोच पाहुणा करतो. समिती कशाला करील?" मग त्यांनी आपले पेन टेबलावर आडवे ठेवले, उजव्या हाताची दोन बोटे घोड्यासारखी दौडत आणली आणि पेनाला टेकणार तोच ती जागच्या जागी रोवली. "हा बॉक," ते म्हणाले. "घोडा चालत होता, अडथळा दिसला, बुजला आणि अडला. आधीची चाल नसेल तर बॉक नाही." त्यांनी माझा संकोच खोडून लिहिले, "खर्चाचा आकडा पाहताच समिती बिचकली."

हे लक्षात असू द्या: आधी चाल, मग अडथळा, मग थबकणे. नुसत्या घुटमळण्याला 'हेझिटेट' पुरेसे आहे. बॉकमध्ये समोर काहीतरी आडवे आलेले असते, म्हणूनच त्याच्यानंतर 'ॲट' हे अव्यय आणि मग त्या अडथळ्याचे नाव येते. पैसे द्यायला कोणी बिचकला, तर 'बॉक ॲट पेइंग' म्हणावे. 'बॉक टू पे' म्हणू नये.

या शब्दाचे मूळही जमिनीतच आहे. नांगराने पाडलेल्या दोन चरांमध्ये न नांगरता राहिलेल्या उंचवट्याला जुन्या इंग्रजीत याच शब्दाचे पूर्वरूप वापरीत. त्यावरून वगळणे, टाळणे आणि पुढे अडून थांबणे असे अर्थ निघाले. बेसबॉलमध्ये तर हा नियमभंगच आहे: धावपटू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या ठरलेल्या टप्प्यावर, असताना गोलंदाजाने चेंडू टाकण्याची हालचाल सुरू करून ती मध्येच थांबवली, की पंच 'बॉक' पुकारतो आणि धावपटूला पुढचा बेस मिळतो. तेथेही आधी चाल आणि मग थबकणे; वरिष्ठांची दोन बोटे मला तेथेही दिसतात.