‘कारण’ कुणाचं?

[दृश्य: पॅरिस. सीन नदी, फ्रेंच अकादमीचा घुमट]

१६३५ साली फ्रेंच भाषेची राखण करणारी फ्रेंच अकादमी स्थापन झाली आणि थोड्याच दिवसांत पॅरिसच्या साहित्यिकांत एका इवल्याशा शब्दावरून जुंपली. शब्द होता ‘कार’. अर्थ, ‘कारण’. जुनाट आहे, हाकला त्याला, असं काहींचं म्हणणं. कादंबरीकार गोंबरव्हिलने तर आपल्या पाच खंडांच्या ‘पोलेक्झांद्र’मध्ये तो एकदाही वापरला नसल्याची बढाई मारली. लोकांनी तीनदा शोधून काढला! १६३७ मध्ये कवी व्ह्वात्यूरने ‘कार’च्या बाजूने एक थट्टेखोर पत्र लिहिलं. शब्द तगला. राजाच्या हुकमांतही तो होताच: ‘कार’ तशी आमची मर्जी. आता याला कारण म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

आज फ्रेंच माणसाला ‘का?’ विचारलं, तर उत्तर ‘पार्स क’ने सुरू होतं. ‘प्युइस्क’ने नाही. ‘प्युइस्क’मधलं कारण समोरच्याला आधीच मान्य आहे असं धरलेलं असतं. ‘एवढं म्हणतोच आहेस, तर जाऊ या’, हा त्याचा सूर.

[दृश्य: बर्लिन, संध्याकाळ. खिडक्यांत दिवे]

जर्मनमध्ये मात्र क्रियापदच जागा बदलतं. ‘मी घरी थांबतो, कारण आजारी आहे.’ यात ‘कारण’साठी ‘वाइल’ वापरलं, तर ‘आहे’, म्हणजे ‘बिन’, शेवटी जातं: ‘वाइल इश क्रांक बिन’. ‘डेन’ वापरलं, तर ते मधेच राहतं: ‘डेन इश बिन क्रांक’. बोलताना लोक सर्रास ‘वाइल इश बिन क्रांक’ म्हणतात आणि भाषेचं सोवळं पाळणारे कपाळाला हात लावतात.

पण ही नुसती बेशिस्त नाही. ‘ती घरी आहे, कारण दिवे लागलेत.’ दिवे लागले म्हणून ती घरी आलेली नाही. दिवे हा माझ्या अंदाजाचा पुरावा आहे. इथे ‘वाइल’नंतर क्रियापद शेवटी ढकललं, तर दिव्यांमुळेच ती घरी थांबली असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. मधे ठेवलं, की अंदाज अंदाजच राहतो.

डच भाषेत वाटणी वेगळी. पावसामुळे रस्ता निसरडा झाला, तर ‘डोर्डात’. पाऊस होता म्हणून मी घरी बसलो, तर ‘ओमडात’. बसायचं मी ठरवलं, निसरडं व्हायचं रस्त्याने ठरवलं नव्हतं. बोलण्यात ‘ओमडात’ दोन्हीकडे खपतं, हेही खरं.

[दृश्य: अथेन्स, अगोरा]

लॅटिनचं व्याकरण तर लेखकालाच थेट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतं. सॉक्रेटिसवर खटला झाला, ‘क्वोद’ (म्हणजे ‘कारण’) तो तरुणांना बिघडवत होता. ‘बिघडवत होता’साठी ‘कोर्रुम्पेबात’ लिहिलं, तर लेखक स्वतः आरोपाची हमी देतो. ‘कोर्रुम्पेरेत’ लिहिलं, की आरोप करणाऱ्यांचा, लेखक नामानिराळा. फरक फक्त क्रियापदाच्या रूपाचा. मराठीत एवढ्यासाठी आपल्याला वेगळं ‘म्हणे’ जोडावं लागतं.