बैकाल: समुद्राच्याही खाली

(दृश्य: मार्च महिना. गोठलेलं सरोवर, कॅमेरा बर्फाला टेकलेला.)

पायाखाली हे काळंभोर दिसतंय ते पाणी आहे. मध्ये फक्त मीटरभर बर्फ, काचेसारखा नितळ. तळातून निघालेल्या वायूचे बुडबुडे त्यात अडकून गोठलेत, एकावर एक चकत्या रचाव्यात तसे. मधूनच तोफ डागल्यासारखा आवाज होतो. थंडीने आक्रसून बर्फ तडकतो, त्याचा.

हे सैबेरियातलं बैकाल सरोवर. हजार किलोमीटरच्या आत कुठे समुद्र नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर उभे आहोत, आणि जिथे सर्वांत खोल आहे तिथे पाणी आहे १६४२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं. ते समुद्रसपाटीपासून अख्खं उचलून इथे उभं केलं, तर माथा कसाबसा चार मीटर वर राहील.

आता वजाबाकी करा. तळ समुद्राच्या पातळीखाली जवळजवळ १२०० मीटर!

(दृश्य: उपग्रहातून दिसणारी, कैरीच्या फोडीसारखी लांबट निळी रेघ.)

नदीला इतकं खाली खोदता येत नाही. इटलीतलं कोमो किंवा स्कॉटलंडमधलं लॉख नेस, या सरोवरांचेही तळ समुद्रपातळीखाली आहेत, पण ते हिमनद्यांनी खरवडलेले. बैकालचं प्रकरण वेगळं. इथे जमीनच फाटते आहे. दोन्ही काठ वर्षाला काही मिलिमीटर लांब सरकतात (आपली नखं याहून भराभर वाढतात) आणि मधला भाग खचत जातो. गेली अडीच कोटी वर्षं हे चाललंय. तेवढ्या काळात नद्यांनी आणलेला गाळ काही ठिकाणी सात किलोमीटर जाडीचा साचलाय. म्हणजे मघाची वजाबाकी अर्धवटच होती. खरा खडक त्या गाळाच्याही खाली.

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा तळही समुद्रपातळीखाली आहे, पण तिथे खोल पाण्यात प्राणवायू नाही. बैकालमध्ये तो थेट तळापर्यंत पोचतो. म्हणून त्या अंधारातही गोलोम्यांका नावाचा मासा राहतो: वीतभर लांबीचा, अर्धपारदर्शक, अंगात तेलच तेल. हवेची पिशवी नाही, चरबीच त्याला तोलून धरते. आणि हा मासा अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो.

(दृश्य: बर्फात कापलेलं भोक, शेजारी विंच.)

न्यूट्रिनो, म्हणजे सहसा कशातूनही आरपार निघून जाणारे अतिसूक्ष्म कण, त्यांचा माग काढणारे शास्त्रज्ञ दर हिवाळ्यात इथे येतात. बर्फ कापून, मोठ्या कलिंगडाएवढे काचेचे गोळे केबलला बांधून खाली सोडतात. प्रत्येक गोळ्यात एक प्रकाशसंवेदक. एखादा न्यूट्रिनो पाण्यात धडकला की पुसटशी निळी चमक उमटते; पाणी इतकं स्वच्छ की तीही त्याला टिपता येते.

गोळा बर्फाखाली गेला. थोडा वेळ दिसला, मग नाही. साडेचारशे मीटर केबल सुटली की तो समुद्रसपाटी ओलांडेल. तिथे कसली खूण नाही. विंच फिरतंच आहे.