टायरातलं पाणी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

काळ्या रानात नांगर घातला की ट्रॅक्टर गुरगुरतो, मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि डिझेल तेवढं जळत राहतं. इंजिनात जोर आहे, चाकावर भार नाही. पुन्हा सांगतो, जोर आहे, भार नाही. म्हणून मागच्या टायरात पाणी भरायचं.

आमच्या आप्पांनी जुना ट्रॅक्टर घेतला, तेव्हा हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. लाईट रात्रपाळीची. अकराला मोटर सुरू झाली, उजवं चाक जॅकवर घेतलं, मी बॅटरी धरून उभा. पाईप व्हॉलवर, म्हणजे टायरात हवा भरायच्या तोंडावर, दाबून धरायचा, मग काढायचा, की आतली हवा फुस्सकन तोंडावर. परत लावायचा. असं करत उजवं चाक भरलं, डावं उचललं आणि लाईट गेली. आप्पा म्हणाले, "एक तर भरलंय. निम्मं काम होईल."

निम्मं! सकाळी नांगर टेकवला. उजवं चाक नांगराच्या तासात गाभण म्हशीसारखं संथ, आणि डावं रवीसारखं घुसळतंय. ट्रॅक्टर जागचा हलेना. मग आमचे तात्या डाव्या मडगार्डवर चढून बसले. चांगले नव्वद किलोचे. चार हात पुढे गेलो, ढेकूळ आलं आणि तात्या बांधाच्या बाजूला उताणे. चाकाच्या बाजूला पडले असते तर आज ही गोष्ट हसत सांगता आली नसती. तेव्हा मडगार्डवर माणूस बसवायचा नाही, म्हणजे नाही.

न्याहारी घेऊन आलेली आज्जी हे सगळं बघत होती. म्हणाली, "जोडीतल्या एकाच बैलाला पेंड घातलीस व्हय रं?"

आज्जी बरोबर बोलली. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारे गिअर, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हलकं चाक घसरलं की जड चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. म्हणून पाणी दोन्हीकडे, आणि सारखं.

भरताना व्हॉल वरच्या अंगाला ठेवा, त्यातली हवा अडवणारी पिन काढा. व्हॉलमधून पाणी परत यायला लागलं की थांबा. टायर पाऊण भरला. वरचा पाव भाग हवेचाच राहू द्या, नाहीतर धक्के थेट रिमला आणि तुमच्या कमरेला. मग पिन बसवून हवेचा दाब बघा. 13.6-28 मापाच्या टायरात साधारण दोनशे लिटर बसतं, म्हणजे एका चाकावर दोनशे किलो.

किती भार पुरे? टायरवर खडूची खूण करा. नांगर उचलून 10 चक्रांत 40 मीटर गेलात आणि नांगर लावून 34, तर घसरण 15 टक्के. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते. त्याहून कमी करायच्या नादात भार वाढवू नका, खालची माती दगड होते. गोट्या, म्हणजे माती पकडणारे रबराचे उंचवटे, झिजलेल्या टायरात मात्र विहीर ओतली तरी उपयोग नाही.

आणि तो टेप जरा बारीक करा हो! ट्रॅक्टरला आठ-आठ स्पीकर लावून चाक घसरल्याचं ऐकू कसं येणार? आमच्या वेळी इंजिनाच्या आवाजावरून कळायचं.

अजून एक. पंक्चर निघालं तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा, आत पाणी आहे म्हणून. आमच्या पंक्चरवाल्याने व्हॉल खालच्या बाजूला असताना पिन काढली होती. नंतर आप्पांनी त्याला घरी नेऊन कोरडा सदरा दिला.

नमस्कार.