विनाकॉलसाइन ८८

(दृश्य: रात्र. ऐरोली पुलाचे दिवे, खाली खाडीचं काळं पाणी. आधी आवाज, मग चित्र.)

डा-डा-डा-डिट-डिट. जरा उसंत. पुन्हा डा-डा-डा-डिट-डिट.

डा म्हणजे लांब सूर, डिट म्हणजे आखूड. मोर्समध्ये हे झाले दोन आठ. अठ्ठ्याऐंशी. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलणारे, जगात कुठेही असोत, या आकड्याचा अर्थ एकच घेतात: प्रेम आणि पापे. रविवारी रात्री पावणेदहाला, ठाणे आणि नवी मुंबईतले वीसेक हॅम आपलं साप्ताहिक नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, आटोपून हँडीच्या, म्हणजे हातात धरायच्या सेटच्या, बटणावरून बोट काढत होते, तेवढ्यात कुणीतरी हे पाठवलं. कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं ओळखनाव, न सांगता.

या गोष्टीतली माणसं कल्पित आहेत, त्यांचं नेटही. अँटेनाची मापं, नकाशावरचे कोन आणि नियम मात्र खरे आहेत, ते हवे तर वहीत उतरवून घ्या.

(दृश्य: नेट कंट्रोलची नोंदवही. वेळ, कॉलसाइन, सिग्नल (खणखणीत असेल तर ‘फाइव्ह नाइन’) असे रकाने. शेवटच्या ओळीत कॉलसाइनच्या जागी प्रश्नचिन्ह.)

नेट कंट्रोलवर बसणारे काका निवृत्त आहेत आणि शिस्तीचे आहेत. त्यांची तक्रार प्रेमाबद्दल नाही, कॉलसाइनबद्दल आहे. हॅमचा परवाना वयाच्या बाराव्या वर्षापासून परीक्षा देऊन मिळतो, आणि त्याबरोबर मिळतं कॉलसाइन. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू-थ्रीने सुरू होणारं, जनरल ग्रेडला व्हीयू-टूने. राजीव गांधींचं व्हीयू-टू-आरजी होतं, सोनिया गांधींचं व्हीयू-टू-एसओएन. नवरा-बायको दोघांनाही परवाना असणं या छंदात नवलाचं नाही. बोलणं सुरू करताना आणि संपवताना कॉलसाइन सांगायचं. गुप्त भाषा वापरायची नाही. जे बोलाल ते वारंवारता लावून बसलेला कुणीही ऐकणार, हे धरूनच बोलायचं.

म्हणजे इथे कुजबुज हा प्रकारच नाही. मग मनातलं बोलायचं कसं? त्यासाठी तारमास्तरांच्या काळापासूनचे आकडे आहेत. निरोप घेताना ७३, म्हणजे शुभेच्छा. जवळच्या माणसाला ८८. गंमत अशी की ७३ नेहमीच एवढा सभ्य नव्हता. अमेरिकेतल्या तारमास्तरांच्या नियतकालिकात १८५७ साली ७३ चा अर्थ छापला होता, ‘तुला माझं प्रेम’. दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, आकड्यांची नवी यादी आली आणि ७३ वर कोरडा नमस्कार येऊन बसला.

हे १८५७ चं प्रकरण नेटवर एकदा निघालं होतं. वर्तकनगरच्या एका लिफ्ट मेकॅनिकने काढलं होतं. त्यावर ऐरोलीच्या दंतवैद्य बाई खूप हसल्या होत्या. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. अकरा रविवार नुसता आवाज.

ते ८८ आपल्यासाठी होतं असं मेकॅनिकला वाटलं, कारण त्याच्या ‘सेव्हन्टी थ्री’नंतर लगेच आलं होतं. आणि भीती वाटली की हा खारघरच्या कॉलेजातल्या पोराचा वात्रटपणा असणार. तो पोरगा आहेच तसा.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आलं. सावकाश, अडखळत, मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने. या वेगाला एक डिट म्हणजे ०.२४ सेकंद, आणि ८८ मध्ये मधल्या जागा धरून असे ३३ एकक बसतात. हिशोब आठ सेकंदांचा. आठवड्यातून एकदा, आठ सेकंद. शोधायला एवढाच अवधी.

(दृश्य: वर्तकनगर, इमारतीची गच्ची. फरशीवर पिवळी स्टीलची मोजपट्टी, हॅकसॉ, पीव्हीसी पाइपचे तुकडे.)

दिशा शोधायला दिशा ओळखणारी अँटेना लागते. सुताराकडे असते त्या २५ मिलिमीटर रुंदीच्या स्टीलच्या मोजपट्टीतून ती एका दुपारी होते. मागचा तुकडा, रिफ्लेक्टर, १०५ सेंटिमीटर. पुढचा, डायरेक्टर, ८९. मधला दोन भागांत, प्रत्येकी ४५, दोघांच्या मध्ये साधारण अडीच सेंटिमीटरची फट. अर्धा इंची पीव्हीसी पाइपवर रिफ्लेक्टरपासून मधला तुकडा २० सेंटिमीटरवर, तिथून डायरेक्टर ३२ सेंटिमीटरवर. पट्ट्या पाइपला होज क्लिपने आवळायच्या. मधल्या दोन भागांना १३ सेंटिमीटर तारेचा यू जोडायचा, आणि तिथेच आरजी-५८ केबलची मधली तार एका भागाला, जाळी दुसऱ्याला.

फसतं ते सोल्डरिंगला. पट्टीवर रंग असतो, तो सँडपेपरने पूर्ण काढल्याशिवाय कथील धरत नाही. शिवाय स्टीलची पट्टी उष्णता ओढून घेते. रेडिओ दुरुस्तीची २५ वॉटची इस्त्री इथे पुरत नाही. जोड वरून चकचकीत दिसतो आणि आतून कोरडा राहतो. साठ वॉटची घ्या, आधी पट्टीवर कथिलाचा पातळ थर चढवा, मग तार टेकवा. कापलेल्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर पहिला शोध डोळ्यांच्या डॉक्टरांचा घ्यावा लागेल.

धरताना पट्ट्या उभ्या हव्यात. हँडीची अँटेना उभी असते, तिचा सिग्नलही उभाच येतो. आडवी धरली की हँडीवरचा सिग्नलचा काटा निम्म्यावर येतो आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो.

पहिल्या रविवारी त्याने नवशिक्याची चूक केली. नेट रिपीटरवर चालतं. उंचावर बसवलेला रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर तेच मोठ्याने सांगतो. समजा सांगतो १४५.७०० मेगाहर्ट्झवर, तर ऐकतो ६०० किलोहर्ट्झ खाली, १४५.१०० वर. सांगण्याच्या वारंवारतेवर अँटेना फिरवली तर तुम्ही इमानेइतबारे रिपीटरच्या मनोऱ्याशी पोचता. मूळ माणूस हवा असेल तर त्याची ऐकण्याची वारंवारता लावावी लागते. बहुतेक हँडींना त्यासाठी रिव्हर्सचं बटण असतं, आणि बहुतेकांना ते चुकून दाबलं गेल्यावरच कळतं.

दुसऱ्या रविवारी, रिव्हर्स लावून, तो उपवनच्या तळ्याकाठी गेला. आठ सेकंद आले. काटा येऊरच्या डोंगराकडे, पश्चिमेला. आता येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, पण ते मोर्स करत नाहीत.

हा डोंगरावर टप्पा खाऊन आलेला सिग्नल होता. थेट वाट पूर्वेच्या इमारतींनी अडवली की परावर्तित सिग्नल थेट सिग्नलपेक्षा जोरात येतो. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये तर चारही बाजूंनी येतो. ओळखायची खूण सोपी आहे: पन्नास-शंभर पावलं सरकून पुन्हा कोन घ्यायचा. मोठी उडी दिसली तर तो टप्पा. पण आठ सेकंदांत शंभर पावलं कोण चालणार?

त्यापेक्षा उंची बरी. तिसऱ्या रविवारी स्वतःच्या गच्चीवर, आजूबाजूच्या पाण्याच्या टाक्यांच्या वर. या खेपेला त्याने अँटेना सिग्नलच्या कमाल जागेवर थांबवली नाही. कमाल जागा पसरट असते, तिथे दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाले तरी काटा हलत नाही. काटा डावीकडे जिथे दोन घरं उतरला आणि उजवीकडे जिथे दोन घरं उतरला, त्या दोन्हींच्या मधोमध रेघ धरली. होकायंत्र अँटेनापासून मीटरभर लांब ठेवलं, कारण स्टीलची पट्टी त्याच्या सुईलाही नादी लावते. ठाण्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही, ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

आकडा आला १५०. दक्षिण-आग्नेय.

आणि नकाशा उघडायच्या आधी तो आकडा त्याने वहीत लिहिला. हे महत्त्वाचं आहे. मनात एक घर धरून नकाशा पाहिला की हाताची अँटेनाही त्या घराकडे झुकते.

(दृश्य: नकाशा. वर्तकनगरपासून पेन्सिलीची रेघ निघते, खाडी ओलांडते.)

रेघ खाडीपलीकडे ऐरोलीत उतरली. पण तिथे थांबली नाही. रबाळे, महापे, मग टेकड्या, आणि सरळ खारघर. दंतवैद्य बाई आणि वात्रट पोरगा एकाच रेघेवर, एक साताठ किलोमीटरवर, दुसरा बावीस-तेवीसवर.

सिग्नलच्या जोरावरून अंतर काढायचा मोह इथे होतो. काढू नये. खारघरच्या उंच गच्चीवरून पाच वॉटही दणदणीत येतात, आणि ऐरोलीच्या चौथ्या मजल्यावर घरातल्या घरात रबरी अँटेना लावून बसलेलं माणूस क्षीण येतं. एका जागेवरून फक्त दिशा कळते. अंतर हवं तर दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ हवी, आणि दोन रेघा जमेल तेवढ्या काटकोनात छेदायला हव्यात.

दुसरा एक धागा त्याच्या कानाला लागला होता. त्या आठ सेकंदांत, सुरांच्या मागे, कुकरची शिट्टी. म्हणजे पाठवणारं माणूस गाडीत नाही, घरात आहे, आणि बझर माइकसमोर धरून वाजवतंय. खारघरचा पोरगा हॉस्टेलवर राहतो. हॉस्टेलच्या खोलीत कुकर लावायला बंदी असते, पण हॉस्टेलवर राहिलेल्यांना हा पुरावा म्हणून दाखवू नका.

चौथा रविवार. ऐरोली पुलाचं मुलुंडकडचं टोक, रस्त्यापासून बाजूला, लोखंडी कठड्यापासून दूर. कठडाही अँटेनासारखाच वागतो आणि जाणारा प्रत्येक ट्रक सिग्नल हलवून जातो. इथून पोरगा असेल तर कोन येईल १४० च्या पुढे. बाई असतील तर ७० च्या आसपास. मधलं काही नाही. एवढा स्वच्छ प्रश्न विचारायची संधी रेडिओत क्वचित मिळते.

पावणेदहा. काकांनी नेट बंद केलं. खाडीवरून चिखलाचा वास, लांब ऐरोलीच्या इमारतींमधले दिवे.

डा-डा-डा.

अँटेना १४० वर होती. काटा जवळजवळ झोपलेला. त्याने पूर्वेकडे वळवायला सुरुवात केली. १२०. १००. डिट-डिट. काटा उठू लागला. दुसरा आठ सुरू झाला तेव्हा ८५, आणि शेवटच्या डिटला काटा टोकाला टेकला.

सत्तर. फार तर पाच अंश इकडेतिकडे.

यापुढेही तंत्र आहे. सिग्नलच्या जवळ गेल्यावर काटा सगळीकडे टोकालाच राहतो, तेव्हा हँडी पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकवून ऐकतात. किंवा तिप्पट वारंवारतेवर, १४५.१०० साठी ४३५.३०० वर, जिथे मूळ सिग्नलचा फिकट अंश उरतो. अगदी शेवटी हँडी छातीशी धरून स्वतःभोवती फिरायचं. सिग्नल पडला की माणूस पाठीमागे. हॅम लोकांच्या शोधाशोधीच्या शर्यतीत लपवलेला ट्रान्समीटर असाच सापडतो. पण हा ट्रान्समीटर नव्हता, कुणाचं तरी घर होतं. त्याने होज क्लिपा सैल केल्या, पट्ट्या काढल्या आणि मुलुंडहून लोकल पकडून घरी गेला.

(दृश्य: ऐरोली. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला एक हँडी, वही, एक छोटा बोर्ड.)

बोर्डवर ५५५ ही आयसी आहे. १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी. गणिताने सूर बसतो ६८६ हर्ट्झला. बाजूला मोर्सची की. व्हीयू-थ्रीवरून व्हीयू-टूला जायचं तर मोर्सची परीक्षा द्यावी लागते, मिनिटाला ८ शब्द. वहीत पहिल्या दहा पानांवर नुसते आकडे आहेत. तिने सुरुवात आकड्यांपासून केली, कारण प्रत्येक आकडा पाच खुणांचा, हाताला ताल सापडतो. अक्षरं अजून यायची होती.

कॉलसाइन न पाठवण्यामागे लाज होतीच. पण तिच्या कॉलसाइनमध्ये पाच अक्षरं होती, आणि तिला पाठवता येत होते फक्त दहा आकडे.

(दृश्य: पुन्हा नोंदवही. पुढचा रविवार.)

नेटच्या शेवटी काका एकेकाला निरोप घ्यायला लावत होते. वर्तकनगरची पाळी आली. त्याने कॉलसाइन सांगितलं, सगळ्यांना शुभ रात्री म्हटलं, आणि बटण दाबूनच क्षणभर थांबला.

“सेव्हन्टी थ्री. १८५७ चं.”

वीस जण ऐकत होते. खारघरच्या पोराने हँडी उशीखाली दाबली असणार, कारण त्याच्याकडून काहीच आलं नाही. चार सेकंद नुसती खरखर.

मग ६८६ हर्ट्झचा सूर. डिट-डिट-डिट-डा. व्ही. डिट-डिट-डा. यू. तीन. मग तीन अक्षरं, मधलं एकदा चुकलेलं, आठ डिट मारून खोडलेलं आणि पुन्हा पाठवलेलं. मग दोन आठ. या वेळी आठ सेकंद नाहीत; अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं, आणि मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

काकांनी वेळ लिहिली, प्रश्नचिन्हाच्या रकान्यात या वेळी सहा खुणा भरल्या, आणि बटण दाबलं.

“कॉलसाइनसकट पूर्ण कॉपी. फाइव्ह नाइन. बाई, गॅस बंद करा. पुढचं स्टेशन?”