एका माणसाचे आजार किती, आणि ते मोजायचे कसे?

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे झिजलेत, आणि गेली काही वर्षं नैराश्यावर औषध चालू आहे. मधुमेहाच्या पाहणीत त्या मोजल्या जातात. रक्तदाबाच्या पाहणीतही मोजल्या जातात, मानसिक आरोग्याच्या पाहणीतही. तीन अहवालांत तीनदा आलेल्या या बाई एक सबंध माणूस म्हणून मात्र कुठेच दिसत नाहीत. चार डॉक्टरांकडच्या खेपा, एकमेकांना छेद देणारी पथ्यं, मूठभर गोळ्या हे सगळं एकाच अंगावर पडतं, ते आकड्यांत येत नाही. ते यावं म्हणून ‘मल्टिमॉर्बिडिटी’ मोजायची. एकाच व्यक्तीत दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असणं, ही तिची रूढ व्याख्या.

व्याख्या सोपी वाटते. पण दोन आजार कोणत्या यादीतले? 2021 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये 566 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. कुणी यादीत फक्त दोन आजार धरले होते, तर कुणी 285. मध्यक होता 17. यादी बदलली की उत्तर किती बदलतं, हे इंग्लंडमधल्या सुमारे पावणेबारा लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींवर 2023 साली तपासलं गेलं. दोन आजारांची यादी घेतली तेव्हा प्रमाण आलं 4.6 टक्के; 80 आजारांची घेतली तेव्हा 40.5 टक्के. माणसं तीच, नोंदी त्याच. म्हणून कुणी तुम्हाला नुसता टक्का सांगितला, तर आधी यादी मागा. यादीशिवाय दोन प्रदेशांची तुलना करणं मला गैर वाटतं, मग ती कितीही मोठ्या संस्थेने केलेली असो.

इंग्लंडच्या त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. म्हाताऱ्या माणसांत मोजक्या आजारांची यादी बऱ्यापैकी पुरते, कारण त्या वयातले आजार सगळ्यांत तेच ते असतात. तरुणांत आणि मुलांत आजार विखुरलेले, एकेक करून दुर्मीळ. तिथे यादी लांब लागते. आखूड यादी घेतली की तरुण रुग्ण गळतात, आणि मग ‘हा म्हातारपणाचा प्रश्न आहे’ असं आपण खुशाल म्हणत राहतो.

तो तसा नाही, हे स्कॉटलंडने 2012 सालीच दाखवलं होतं. साडेसतरा लाख लोक, 40 आजारांची यादी. 23.2 टक्के लोकांना दोन किंवा अधिक आजार होते, आणि डोकी मोजली तर त्यांतले निम्म्याहून जास्त 65 वर्षांच्या आतले होते. सर्वांत गरीब वस्त्यांत ही अवस्था सर्वांत सधन वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षं आधी येत होती. शारीरिक आणि मानसिक असे दोन्ही आजार असलेले लोक गरीब वस्त्यांत 11 टक्के होते, सधन वस्त्यांत 5.9 टक्के. आता त्या यादीतून मानसिक आजार काढून टाका. गरिबीची ही खूण पुसट होऊन जाईल. यादी ठरवणाऱ्याच्या हातात एवढी ताकद असते.

यादी झाली, तरी ‘आजार आहे’ हे कुणाच्या सांगण्यावरून लिहायचं? घरोघरच्या पाहणीत विचारतात, ‘डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितलंय का?’ जो डॉक्टरपर्यंत पोचलाच नाही, तो इथे निरोगी ठरतो. जगात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचा पत्ता नाही. त्यामुळे दवाखाने कमी असलेल्या भागात आजारही कमी दिसतात आणि त्या आकड्यावर बोट ठेवून तिथे आणखी कमी पैसा दिला जाऊ शकतो. हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. किमान रक्तदाब आणि साखर पाहणीतच मोजावी, नुसती विचारू नये. नैराश्यासाठी निदान विचारण्याऐवजी लक्षणांची प्रश्नावली वापरावी.

आता भाराचा प्रश्न. थायरॉइडची एक गोळी आणि निकामी होत चाललेलं हृदय, दोन्ही ‘एक’च धरायचं का? 1987 सालचा चार्ल्सन निर्देशांक आजारांना 1 ते 6 असे गुण देतो. पसरलेल्या कर्करोगाला 6, गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाला 1. पण तो बनवला होता रुग्णालयातल्या रुग्णांच्या वर्षभरातल्या मृत्यूचा अंदाज बांधायला. नैराश्याला त्यात जागाच नाही. मृत्यूसाठी बनवलेलं माप दवाखान्यातली गर्दी किंवा लोकांचे हाल मोजायला वापरलं, की त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचे बहुतेक हाल शून्य ठरतात. 2020 सालच्या केंब्रिज गुणांकात 37 आजार आहेत, आणि मृत्यू, रुग्णालयात दाखल होणं, डॉक्टरांच्या भेटी या तिन्हींसाठी वेगवेगळे भार काढलेले आहेत. हा मार्ग मला पटतो. आधी प्रयोजन ठरवा, मग भार.

साधी मोजणी टाकाऊ आहे असं मात्र नाही. किती लोकांना किती आजार, एवढं सांगायला ती पुरते. फक्त ‘दोन किंवा अधिक’ या एका रेषेवर थांबू नका. लांब यादी घेतली की सत्तरीपुढे बहुतेक सगळेच त्या रेषेपलीकडे जातात आणि आकडा काहीच सांगेनासा होतो. तिथे तीन, चार, पाच आजारांचे वेगळे रकाने लागतात. तुलना करताना प्रमाण वयोगटांनुसार द्यावं, नाहीतर म्हातारी लोकसंख्या आणि आजारी लोकसंख्या यांत गल्लत होते.

आणि पाहणीत प्रत्येक आजाराचं निदान कोणत्या वर्षी झालं, तेही विचारा. आधी मधुमेह आणि मग नैराश्य आलं, की उलट झालं, हे आज असलेल्या आजारांच्या यादीवरून कळत नाही. पहिला आणि दुसरा आजार यांच्यात किती वर्षं गेली, हे गरीब-श्रीमंत असं वेगवेगळं मांडलं, तर दुसरा आजार टाळायला हातात किती वेळ होता हे त्यातून निघतं.