कॉफीचा दाणा झाडावरच घडतो

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

महाराष्ट्रात कॉफीचं पीक म्हटलं की नाव येतं ते आपल्या मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं. गाविलगडच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून हे झाड तग धरून आहे. चांगली कॉफी भाजण्यात असते, असा पुष्कळांचा समज आहे. पण झाडावर दाण्यात जे भरलं नाही, ते नंतर कुठलीच भट्टी त्यात घालू शकत नाही. तोडणीनंतर आपल्या हाती उरतं ते एकच, जे भरलंय ते बिघडू न देणं.

कॉफीच्या अरेबिका जातीला १५ ते २५ अंशांची हवा मानवते. रात्री गार असल्या की फळ सावकाश पिकतं, फुलापासून तोडणीपर्यंत आठ-नऊ महिने घेतं. तेवढ्या वेळात दाणा घट्ट भरतो आणि त्यात गोडी नि हलकी आंबटगोड चव उतरते. तेच झाड खाली उष्ण सपाटीवर लावलं तर फळ घाईनं पिकतं, दाणा पोचट राहतो आणि कॉफी सपक लागते.

संत्र्याची बाग असलेल्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. आंबिया बहाराच्या फुलोऱ्यासाठी आपण बागेला ताण देतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडतो, मग पाणी सोडतो. कॉफीचंही तसंच. कळ्या कोरड्या दिवसांत थांबून असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये २५ ते ४० मिलिमीटर पाऊस मिळाला की आठ-दहा दिवसांत मोगऱ्यासारख्या वासाची पांढरी फुलं एकदम उमलतात. कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांना हा पाऊस बहुतेक वर्षी मिळतो. आपल्याकडे त्याचा भरवसा नाही, म्हणून तुषार सिंचन लागतं. एकरी किमान एक लाख लिटर पाणी एकाच फेरीत द्यायचं. पाणी तोकडं पडलं तर कळ्या अर्धवट उघडतात, गुलाबीसर होऊन तशाच वाळतात. फळ धरत नाही. दोन-तीन तुकड्यांत पाणी दिलं तर फुलोरा मागेपुढे होतो, आणि मग एकाच फांदीवर हिरवी, लाल, काळी अशी सगळी फळं दिसतात. तोडणीची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

सावलीचंही सांगतो. सिल्व्हर ओक, पांगारा अशा झाडांची विरळ सावली हवी. खोडावर थेट ऊन पडलं की पांढरा खोडकिडा सालीच्या भेगांत अंडी घालतो. खोडावर उंचवटे आले, पानं पिवळी पडली, तर ते झाड उपटून जाळावं, नाहीतर कीड शेजारच्या झाडावर जाते. मात्र सावली दाट झाली तर फुलं कमी येतात आणि ओलाव्यानं रोग बळावतात. पावसाळ्यापूर्वी सावलीच्या झाडांच्या फांद्या छाटून घ्या.

आता तोडणी. कापसाचे जसे वेचे, तसेच इथे चार-पाच वेचे, दहा ते पंधरा दिवसांच्या अंतरानं. फळ लालभडक असावं आणि दोन बोटांत दाबलं की दाणा सहज बाहेर यावा. फांदी ओरबाडून सगळं एका टोपलीत टाकू नका. हिरव्या फळाचा दाणा तुरट लागतो, अतिपिकलेल्याला आंबूस वास येतो, आणि मूठभर असे दाणे अख्खी रास खराब करतात.

फळं तोडल्या दिवशीच पाण्यात टाका. तरंगतील ती काढून वेगळी वाळवा. बाकीची पल्परमधून, म्हणजे साल सोलणाऱ्या यंत्रातून, काढून साल वेगळी करा. पल्परची फट फार आवळली तर दाणे चिरतात, सैल राहिली तर साली आत जातात. साल निघाल्यावर दाण्यावर बुळबुळीत थर राहतो, तो टाकीत २४ ते ३६ तास आंबवून सुटतो. गार हवेत जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवा. मूठभर दाणे धुऊन चोळा. वाळूसारखे खरखरीत लागले की लगेच तीन-चार पाण्यांनी धुवा. रात्रभर विसरलात तर दाण्याला कुजका वास बसतो आणि तो कशानंही जात नाही.

पल्पर नसेल तर अख्खं फळ वाळवा. बारा-पंधरा दिवस लागतात, हलवलं की आत दाणा खुळखुळतो. चव जड येते, पण निगा राखली तर माल विकण्याजोगा होतो.

वाळवणीत बराच माल वाया जातो, हे लक्षात ठेवा. मातीच्या खळ्यावर टाकू नका, मातीचा वास दाणा ओढून घेतो. सिमेंटचा ओटा किंवा जाळीचं मचाण हवं. धुतलेल्या दाण्याचा थर चार ते सात सेंटिमीटर, दर तासाला फावडीनं हलवायचा, संध्याकाळी ढीग करून झाकायचा, म्हणजे दव बसत नाही. सात ते दहा दिवसांत ओलावा दहा टक्क्यांवर येतो. त्याआधी पोत्यात भरला तर बुरशी येते, फार वाळवला तर दाणा ठिसूळ होऊन फुटतो. सोयाबीनचा ओलावा मोजणारं यंत्र वापरायचं असेल तर त्यात कॉफीची सोय आहे का ते आधी पाहा, नाहीतर आकडा चुकीचा येईल.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आणि त्या खोलीत मिरची, रॉकेल, खत, फवारणीचं औषध काहीही नको. कॉफी हे सगळे वास शोषून घेते आणि ते थेट कपात उतरतात.