घाटावरचे हात

(गोदाघाट. अनंत चतुर्दशीची दुपार. लांबून ढोलाचा आवाज.)

गाडगे महाराज पुलाजवळ ही पोरं बारापासून उभी आहेत. खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या बाबांचं नाव या पुलाला आहे, हे त्यांच्यापैकी कुणी मुद्दाम सांगत नाही. टेबल, दोन पाट, निर्माल्याचं पिंप आणि एक फलक: 'देव द्या, देवपण घ्या'. म्हणजे गणपतीची मूर्ती नदीत न सोडता आमच्याकडे द्या.

नाशिकला हे शब्द नवे नाहीत. तरी बोलणं दर घराशी पहिल्यापासून होतं.

"आजी, मूर्ती आमच्याकडे द्या ना."
"म्हणजे बुडवायचीच नाही का रे?"

मग तडजोड. आरती घाटावरच. मूर्ती तीनदा पाण्याला टेकवायची आणि मग या मुलीच्या हातात द्यायची. आजींचे हात बघा.

(गच्ची. निळं पिंप.)

ही पाथर्डी फाट्याकडची एक सोसायटी. इथे विसर्जन घरच्या घरी. शाडूची मूर्ती साध्या बादलीतही विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिसची नाही. तिच्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट. कृती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं बसवलेली. आधी हार, वस्त्रं, मणी काढून घ्यायचे. पाण्यात पावडर ढवळायची, मूर्ती अलगद सोडायची. बुडबुडे येतात, अमोनियाचा वास नाकात जातो, म्हणून पिंप गच्चीवर. काही तासांनी पुन्हा ढवळायचं. साधारण ४८ तासांत खडूसारखा गाळ तळाशी बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. पातळ करून कुंड्यांना घालायचं.

ढवळायला मात्र माणूस लागतो. या इमारतीत जेवढे फ्लॅट, त्या मानानं गच्चीवर किती जण आहेत, ते दिसतंच आहे.

(क्रेन, अर्धवट इमारती, म्हसरूळ, आडगाव.)

२००१ मध्ये नाशिक शहर १० लाख ७७ हजारांचं होतं, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांचं. २०२१ ची जनगणना लांबली, पण या क्रेन बघितल्या की अंदाज येतो. धुळ्या-जळगावकडून माणसं आली, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळ्यांना लागली. जुन्या नाशकात एकानं चौकातून हाक मारली की वाडा खाली उतरायचा. इथे लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्याचं आडनाव ठाऊक नसतं. हाक मारायची कुणाला? नवे लोक उदासीन आहेत असं सहज म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

देशभरातच हे हात थोडे आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, पाहणीच्या दिवशी स्वयंसेवा, प्रशिक्षण किंवा तत्सम बिनपगारी काम करणारे भरले २.४ टक्के.

नदीत गेलेल्या प्लास्टरचा गाळ होतो, रंग पाण्यात उतरतो, आणि हेच पाणी पुढे जायकवाडीला जातं.

(रात्र. घाटावरचे दिवे.)

साडेअकरा. पहिला टेम्पो भरला. हिरव्या टी-शर्टातला हा मुलगा चोपड्याचा, नाशकात येऊन दोन वर्षं झाली. इथे कसा आलास, विचारलं तर म्हणतो, "खालच्या मजल्यावरच्या काकू म्हटल्या, चल."

सकाळी सातला त्याची पाळी आहे, अंबडला. दुसरा टेम्पो अजून यायचाय.